टॉमची दणकट पोरं, खक्करांचे पोटवाले काका

२०१४ साली फिनलंडच्या पोस्टाने तिकिटं काढली आणि त्यातल्या एका तिकिटावर पुरुषाचं उघडं ढुंगण आहे, आणि मांड्यांच्या मधून दुसऱ्या एकाचा चेहरा आपल्याकडे बघतोय. चेष्टा नाही. पोस्टाचं अधिकृत तिकीट, पाकिटाला चिकटवा आणि मावशीला पत्र टाका. आपल्या जीपीओच्या खिडकीवर असलं तिकीट मागायची नुसती कल्पना करा, आतले काका चष्मा काढून पुसून परत घालतील. तर ही चित्रं टोको लाक्सोनेन नावाच्या माणसाची, ज्याला जग टॉम ऑफ फिनलंड म्हणून ओळखतं. ज्या देशाने तिकीट काढलं त्याच देशात १९७१ पर्यंत दोन पुरुषांनी एकत्र झोपणं हा गुन्हा होता आणि त्यानंतरही दहा वर्षं, म्हणजे १९८१ पर्यंत, आजारांच्या यादीत नाव होतं. हा माणूस त्या सगळ्या काळात रात्री घरी बसून पेन्सिलीने दणकट पुरुष काढत होता.

मला त्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं कारण आपल्याकडे गे डेटिंग ॲपवर जे 'ओन्ली मॅस्क (म्हणजे फक्त मर्दानी), नो बायकी प्लीज' वगैरे लिहिलेलं असतं ना, त्याचा एक धागा थेट या माणसाच्या पेन्सिलीपर्यंत जातो असं मला वाटतं, आणि गंमत म्हणजे त्या धाग्यात त्याचा दोष अर्धाच आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १८६० च्या दशकात जर्मनीत कार्ल उलरिक्स नावाच्या वकिलाने मांडलं की पुरुष आवडणारा पुरुष म्हणजे पुरुषाच्या शरीरात बाईचा आत्मा. त्याचा हेतू चांगला होता हं, ही माणसं जन्मतःच अशी असतात मग त्यांना तुरुंगात कशाला टाकता असं त्याचं म्हणणं. पण लोकांच्या डोक्यात जे बसलं ते वेगळंच, की गे म्हणजे बायकी, नाजूक, हातवारे करणारा, आणि शेवटी बिचारा. नाटकात सिनेमात तो एकतर हसायला किंवा मरायला. आपल्याकडे उलरिक्स कुणी वाचला नव्हता तरी शाळेत 'बायल्या' ओरडायला कुणाला थिअरी लागली नाही. आणि खरंच बायकी असलेल्या पोरांनी जे सोसलं ते सोसलंच, पण जे तसे नव्हते त्यांचा वेगळाच घोळ, मी असा दिसत नाही म्हणजे मी तो नाहीच बहुतेक, असं स्वतःला समजावत लग्नाच्या बोहल्यावर जाऊन उभं राहायचं. किती जण गेले असतील अशाने.

अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात या सगळ्याला एक चोरवाट सापडली, शरीरसौष्ठवाची मासिकं. लॉस एंजेलिसच्या बॉब मायझरने १९५१ मध्ये 'फिजीक पिक्टोरियल' सुरू केलं. छोट्या आकाराचं, खिशात मावणारं, आत लंगोटीएवढ्या कापडातली पिळदार पोरं. वर सांगायचं की हे व्यायामासाठी आहे, चित्रकारांच्या अभ्यासासाठी आहे, ग्रीक पुतळ्यांची परंपरा आहे. सगळ्यांना माहीत होतं कोण विकत घेतंय आणि कशासाठी. अडचण पोस्टाची होती, १८७३ पासून अश्लील माल टपालाने पाठवणं अमेरिकेत गुन्हा होता आणि पोस्टखातं ठरवणार अश्लील काय ते. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असली मासिकं फक्त गे लोकांसाठी आहेत म्हणून अश्लील ठरत नाहीत, तोपर्यंत प्रत्येक अंक म्हणजे जुगार. म्हणून मला ते फिनिश तिकीट एवढं आवडतं. एका देशात पोस्टवाले मागे लागलेले, दुसऱ्या देशात पोस्टवाल्यांनीच छापलं.

तर याच मासिकाला फिनलंडहून एक पाकीट आलं आणि १९५७ च्या वसंत अंकाच्या मुखपृष्ठावर नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणारे उघड्या अंगाचे कामगार झळकले. आडनाव अमेरिकन जिभेला झेपणारं नव्हतं, त्याने सही 'टॉम' केली होती, मायझरने पुढे 'ऑफ फिनलंड' जोडून टाकलं. एवढं सोपं.

टोकोचा जन्म १९२० चा, आईवडील दोघं शिक्षक, तुर्कूजवळच्या कारिना गावचा. जाहिरातकला शिकायला हेलसिंकीला आला तेवढ्यात युद्ध. विमानविरोधी तोफांच्या तुकडीत तो अधिकारी होता. आणि शहरात ब्लॅकआउट, म्हणजे रात्री सगळीकडे मिट्ट काळोख, रस्त्यात गणवेशातले जवान, फिनिश आणि जर्मन दोन्ही, कारण तेव्हा फिनलंड रशियाविरुद्ध जर्मनीच्या बाजूने लढत होता. त्या काळोखात त्याला जे अनुभव आले ते पुढे आयुष्यभर त्याच्या कागदावर येत राहिले. युद्ध संपलं, दिवे लागले, आणि ती मोकळीकही संपली. मग पियानो शिकला, बारमध्ये वाजवला, आणि मॅककॅन एरिक्सन या ॲड एजन्सीत कामाला लागला आणि चांगला वरच्या पदावर पोचला. मी पण याच धंद्यातला, त्यामुळे मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, की दिवसभर क्लायंटसाठी राबायचं आणि रात्री स्वतःचं काम. १९७३ मध्ये नोकरी सोडली. त्याच वर्षी हॅम्बुर्गला पहिलं प्रदर्शन लागलं आणि एक सोडून सगळी चित्रं चोरीला गेली. चोराला कला कळत होती म्हणायचं.

आता चित्रांकडे या, कारण लोक नुसतं 'हां ते लेदरवाले ना' म्हणून सोडून देतात.

बहुतेक काम ग्राफाइटचं, साधी पेन्सिल. पण बुटावरची आणि जाकिटावरची चकाकी बघा. चामडं काळं करायला तो सगळीकडे पेन्सिल घासत नाही, गडद काळ्याच्या अगदी शेजारी कागदाचा कोरा पांढरा तसाच ठेवतो, मधला करडा अगदी पातळ, आणि त्यामुळे डोळा म्हणतो की हे ओलं आहे. ज्याने कधी कागदावर शेडिंग केलंय त्याला कळेल हा किती धीराचा खेळ आहे, एकदा तो पांढरा घालवला की गेला. पॅन्टच्या सुरकुत्या नेमक्या कुठून ताणल्या जातात हे त्याला असं माहीत होतं जसं शिंप्याला माहीत असतं. खांदे अशक्य रुंद, कंबर अशक्य बारीक, बाकीचं तर काय बोलावं, शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने कपाळाला हात लावला असता. हा वास्तववाद नाहीच, पण चकाकी इतकी खरी की बाकीचं सगळं आपण खरं मानून चालतो. जाहिरातवाला होता ना.

पण मला खरं वेड लावतं ते वेगळं. ही माणसं हसतायत. अगदी मोकळं, दात दिसतील असं, शेजारच्या पोराबरोबर आंबे चोरून आल्यासारखं. त्याच्या आधी (आणि नंतरही बराच काळ) गे माणसाचं चित्र म्हणजे अंधार, अर्धा चेहरा सावलीत, डोळ्यात अपराध. टॉमच्या चित्रात कुणाला अपराधी वाटत नाही. भर दिवसा, जंगलात, बागेत, लोक बघतायत तरी. मी पहिल्यांदा ही चित्रं सायबर कॅफेत पाहिली, प्लायवूडच्या पार्टिशनमागे, तासाला वीस रुपये, आणि सांगतो, शरीरांनी घाम फुटलाच पण नंतर घरी जाताना डोक्यात राहिलं ते हसू. असं हसता येतं?

दुसरं म्हणजे काके. हे त्याचं कॉमिक्समधलं पात्र, मिशीवाला, लेदरमधला भटक्या हिरो. डेन्मार्कात साठच्या दशकाच्या शेवटी अश्लीलतेची बंदी उठत गेली त्यामुळे तिकडे असलं छापायची सोय झाली, आणि १९६८ ते १९८६ पर्यंत काकेचे सव्वीस भाग झाले, वीसेक पानी पुस्तिका, एकही संवाद नाही. त्यामुळे कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतं. आणि या पुस्तिकांमध्ये जो या पानावर वर असतो तो पुढच्या पानावर खाली असतो. दरडावणारा पोलीस दोन चौकटींनंतर स्वतःच वाकलेला आणि तोही खूश. म्हणजे मर्द कोण हे कोण कुणावर चढलं यावरून ठरत नाही. आपल्याकडे अजूनही 'मी फक्त टॉप आहे म्हणजे मी तसा गे नाही' असं मानणारे लग्न झालेले दादालोक ढिगाने आहेत, त्यांना काकेचा एक भाग भेट द्यावासा वाटतो.

आता ही चित्रं कागदावरून अंगावर कशी आली ते सगळंच टॉमचं श्रेय नाही. १९५३ च्या ब्रँडोच्या मोटरसायकलवाल्या सिनेमाने काळं जाकीट सगळ्यांच्याच डोक्यात घातलं होतं, युद्धावरून परतलेल्या बाइकर पोरांचे क्लब होते, शिकागोत एतिएन नावाने काढणारा डॉम ओरेहुदोस होता. आणि सॅन फ्रान्सिस्कोत टूल बॉक्स नावाचा बार होता, त्याच्या भिंतीवर चक आर्नेटने रांगड्या पुरुषांचं भलंमोठं काळंपांढरं भित्तिचित्र काढलं होतं. जून १९६४ मध्ये 'लाइफ' मासिकाने अमेरिकेतल्या समलैंगिकतेवर लेख छापला आणि सुरुवातीलाच पान भरून या बारचा फोटो. लेखाचा सूर काही कौतुकाचा नव्हता, वाचकांना सावध करायचा होता. पण छोट्या गावातल्या कितीतरी पोरांनी तो फोटो बघितला आणि त्यांच्या डोक्यात एवढंच आलं, अरे, असेही असतात? आणि सॅन फ्रान्सिस्कोला असतात? मग काय, बॅगा भरल्या.

सत्तरच्या दशकात तिथल्या कॅस्ट्रो भागात गेलात तर सगळे तसेच, आखूड केस, मिशी, अंगाला चिकटलेली लिव्हाइस, चेक्सचा शर्ट किंवा लेदर. त्यांना म्हणायचेच क्लोन. १९७७ मध्ये व्हिलेज पीपल हा गाण्याचा ग्रुप आला, पोलीस, काउबॉय, बांधकाम मजूर, सगळी टॉमची पात्रं स्टेजवर, आणि जगभरच्या स्ट्रेट लोकांनी लग्नात त्यावर नाच केला, काही कळलं नाही. आणि आपला फारूख बलसारा, म्हणजे क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या शाळेत शिकलेला, जो आधी लांब केस आणि नखांना काळं नेलपेंट लावून गायचा, त्याने १९८० च्या आसपास केस कापले, मिशी ठेवली, लेदर चढवलं. बिचाऱ्या फ्रेडीच्या मिशीवर तेव्हा चाहत्यांनी वैतागून स्टेजवर रेझर फेकले होते. मला याच्यातली गंमत अशी वाटते की तिकडे मिशी म्हणजे एक जाहीरनामा आणि इकडे आमच्या गावात पोलीस पाटलापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांनाच मिशी. आमच्या सांगलीकडच्या तालमीत तर संध्याकाळी लाल मातीत लंगोटातली, तेल लावलेली, एकमेकांना मिठ्या मारून पाडणारी पोरं, भिंतीवर मारुती, आणि दारात बसून आम्ही 'कुस्ती बघत' होतो. तिथं टॉम जन्मला असता तर कागद कमी पडला असता. पण तिथं ते सगळं दिसत असून त्याला नाव नव्हतं, आणि ते चालायचं कारण नाव नव्हतं.

बरं आता कडू भाग.

टॉमला गणवेश आवडायचे आणि सुरुवातीच्या काही चित्रांत जर्मन सैनिकांचे गणवेशही आहेत. त्याला विचारलं गेलं तेव्हा तो म्हणायचा की त्या विचारसरणीचा मला तिटकारा आहे पण गणवेश देखणे होते, माझ्या चित्रात राजकारण नाही. मला हे उत्तर पटत नाही. तो स्वतः त्या अंधारात होता, त्याच्या इच्छेला ते रूप आपोआप चिकटलं हे मी समजू शकतो, पण ज्या राजवटीने गे पुरुषांना गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत पाठवलं तिचा गणवेश नुसता 'देखणा' कसा राहील. पोलिसांचंही तेच. आमच्या पिढीने मुंबईत कलम ३७७ च्या काळात, म्हणजे आपल्याकडेही हा गुन्हा होता तेव्हा, पोलीस पाहिले ते बागेबाहेर थांबवून 'घरी फोन लावू का' विचारणारे, पाकिटातले सगळे पैसे काढून वर घड्याळ मागणारे. एका मित्राला असं गाठलं होतं, त्याने नंतर किती वर्षं खाकी दिसली की रस्ता बदलला. मग ही पोलीस-फँटसी आपण कशी बघायची? मी स्वतः असं बघतो की हेलसिंकीच्या बागेतही तेच चालायचं, धाडी, पळापळ, आणि टॉमने त्या पोलिसाला कागदावर आणून त्याचे बूट काढायला लावले. एक प्रकारचा बदलाच तो. पण दरवेळी मला तसं बघता येत नाही.

आणि मग ऐंशीच्या दशकात एड्स. टॉमचे अमेरिकेतले किती मित्र गेले. त्याने चित्रांत कंडोम आणले, सुरक्षित संभोगाची पोस्टरं केली. त्याचा स्वतःचा जोडीदार वेली, अठ्ठावीस वर्षांची सोबत, १९८१ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेला होता. टॉम १९९१ ला गेला, फुप्फुसांच्या आजाराने. पण एड्सच्या त्या वर्षांत पिळदार शरीराला एक नवीनच अर्थ आला, दंड फुगलेला म्हणजे हा आजारी नाही. जिमची ही जी सक्ती आहे ना गे जगात, तिची मुळं मला त्या भीतीत दिसतात, टॉमच्या हसऱ्या लाकूडतोड्यात कमी.

म्हणजे झालं असं की लोकांनी त्याच्या चित्रातून छाती घेतली, दंड घेतले, लेदर घेतलं आणि हसू तिथंच ठेवलं. अदलाबदल पण तिथंच ठेवली. उरला नुसता गणवेश. आता ॲप उघडा, मान नसलेली धडं रांगेने, बायो मध्ये 'स्ट्रेट ॲक्टिंग', 'डिस्क्रीट', 'जाड आणि बायकी लांब राहा'. ज्या शिवीतून सुटायला आपल्याला ती चित्रं उपयोगी पडली तीच शिवी आपणच आता दुसऱ्याला सभ्य इंग्रजीत देतोय. आणि तिकडेही सगळ्यांना हे रुचलं नाहीच. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'बेअर' मासिक निघालं ते केसाळ, ढेरपोट्या पुरुषांचं, जपानात गेन्गोरो तागामेने जाडजूड केसाळ माणसं काढून तिथल्या गुळगुळीत पोरांच्या फॅशनला धक्का दिला. अर्थात त्यातही पुढे कोण पुरेसा बेअर आहे यावरून भांडणं लागली, माणसं आहेत.

पण मला उत्तर सापडलं ते आपल्याच मुंबईत जन्मलेल्या माणसाकडे. भूपेन खक्कर, खेतवाडीचे, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट, नंतर बडोद्याला गेले आणि हिशेबही लिहिले आणि चित्रंही काढली. १९८१ मधलं त्यांचं एक चित्र आहे, बाल्कनीत उभा नागडा पाठमोरा माणूस आणि खाली रस्त्यावर ती आपल्या सगळ्यांना माहीत असलेली बाप-लेक आणि गाढवाची गोष्ट चाललेली, सगळ्यांना खूश करायला गेले आणि गाढव गमावलं ती. बघणारा कोण आहे आणि त्याने काय ठरवलंय ते कळायला वेळ लागत नाही. पुढच्या वर्षीचं 'टू मेन इन बनारस', दोन नागडे पुरुष मिठीत, एक पांढऱ्या केसांचा, मागे गडद निळा, आणि आजूबाजूला छोट्या छोट्या चौकटींत काशीचं रोजचं जगणं चालू. त्यांच्याकडे दंड नाहीत. टक्कल आहे, सुटलेलं पोट आहे, पायजमा आहे. टॉमच्या माणसाला बघून मला त्याच्यासारखं व्हावंसं वाटायचं, खक्करांच्या माणसाला बघून वाटतं की हे काका मला दादर स्टेशनला रोज दिसतात. आणि त्यांनाही कुणीतरी हवंय. २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात हे बनारसचं चित्र पंचवीस लाख पौंडांच्या घरात गेलं म्हणे बातम्या झाल्या, ते जाऊ दे, पण टॉमच्या एवढंच ते धाडसी आहे हे आपल्या गे पोरांना माहीत नसतं आणि फिनलंडचा लाकूडतोड्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ, याचा मला राग येतो.

गेल्या वर्षी प्राइडला ऑगस्ट क्रांती मैदानात एक पोरगा काळ्या लेदरच्या हार्नेसमध्ये आला होता, उन्हात पट्ट्यांखाली घामोळं उठलेलं, खाजवतोय आणि फोटोला पोझ देतोय. त्याला बघून डोक्यात आलं की आपल्याकडचा टॉम काय काढेल. घरी येऊन बसलो काढायला. मच्छीमार, माथाडी, एसटीचा कंडक्टर. आणि तिथंच अडकलो. टॉम शिक्षकाचा मुलगा, एजन्सीत टाय लावून जाणारा, आणि त्याने काढले लाकूडतोडे, खलाशी, मजूर. मी एसीत बसणारा, आडनावावरून कुठल्या पेठेतला ते कळणारा, आणि मी ओझी वाहणाऱ्या माणसाचं शरीर चकाकवून काढणार, त्याला विचारलंय कोणी? तिकडे तो वर्गाचा प्रश्न होता, इकडे त्यात जात येते, आणि 'रांगडा' म्हणताना आपण कुणाला म्हणतो हे जरा तपासून बघा. माथाडीचं चित्र मी बाजूला ठेवलं. कंडक्टर ठेवला, कारण तो माझा सख्खा मामा होता आणि माझ्या आयुष्यातला पहिला गणवेश तोच (मामा देखणा नव्हता हे सांगून ठेवतो, नुसती खाकी घेतली).

बगलेत चामडी बॅग, तिच्यावर कोरा पांढरा ठेवायचा प्रयत्न, बोटात टिकटिक वाजवायचा पंच, दारात एक पाय. ते व्हॉट्सॲपवर एका मित्राला पाठवलं. तो स्वतः चांगला शंभर किलोचा. त्याचा लगेच रिप्लाय, छान आहे पण हा कंडक्टर नाही वाटत, हा कंडक्टरच्या ड्रेसमधला मॉडेल आहे, याला आधी पोट दे.